इतिहासातल्या गाजलेल्या युद्धनौका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युद्धनौकांचा विषय निघाला की काही प्रश्न हमखास येतात. नौका जेवढी प्रसिद्ध, तेवढ्या तिच्याभोवतीच्या दंतकथाही जास्त. त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत संपली आहेत.

सर्वांत जुनी युद्धनौका कोणती, 'व्हिक्टरी' की 'कॉन्स्टिट्यूशन'?

या प्रश्नावरून उगाच भांडणं होतात. ब्रिटनच्या 'व्हिक्टरी'चं जलावतरण १७६५ मध्ये झालं, आणि नौदलाच्या पटावर आजही नाव असलेली ती सर्वांत जुनी नौका आहे. पण १९२२ पासून ती पोर्ट्समथच्या कोरड्या गोदीत उभी आहे. पावसाचं सोडलं, तर शंभर वर्षांत तिला पाणी लागलेलं नाही. अमेरिकेची 'कॉन्स्टिट्यूशन' १७९७ ची, म्हणजे वयाने लहान. पण ती बॉस्टनला अजून तरंगते, आणि १९९७ व २०१२ मध्ये ती शिडांच्या जोरावर थोडं अंतर चाललीसुद्धा. वय बघायचं तर व्हिक्टरी, तरंगणारी हवी तर कॉन्स्टिट्यूशन.

कॉन्स्टिट्यूशनला 'ओल्ड आयर्नसाइड्स' म्हणतात. ती लोखंडी होती का?

नाही, लाकडाची. १९ ऑगस्ट १८१२ रोजी ब्रिटिशांच्या 'गेरिएर'शी तिची गाठ पडली. तिच्या कुशीवर आदळलेले तोफगोळे आत न घुसता परतताना पाहून खलाशांनी तिला लोखंडी बाजूंची ठरवून टाकलं. खरं श्रेय ओकच्या जाड, चिवट लाकडाचं आणि एकमेकींना खेटून बसवलेल्या बरगड्यांचं.

ट्रॅफल्गारच्या लढाईत व्हिक्टरीने नेमकं काय केलं?

आधी मार खाल्ला. त्या काळी दोन्ही ताफे समांतर रांगा करून एकमेकांवर तोफा डागत. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ब्रिटिश अ‍ॅडमिरल नेल्सनने हा शिरस्ता मोडला. त्याच्याकडे २७ मोठ्या नौका होत्या, समोर फ्रान्स आणि स्पेनच्या मिळून ३३. त्याने आपल्या ताफ्याच्या दोन रांगा केल्या आणि शत्रूच्या रांगेत आडव्या घुसवल्या. एका रांगेच्या तोंडाशी व्हिक्टरी होती.

यातली गोम अशी, की तोफा नौकेच्या दोन्ही बाजूंना असतात. समोरून शत्रूवर चाल करून जाताना त्यांचा उपयोग नाही. त्यात वारा पडलेला, नौका माणसाच्या चालीने पुढे सरकत होती. तेवढा सगळा वेळ व्हिक्टरी गोळे झेलत राहिली, तिचं सुकाणूचं चाकही उडालं, आणि मग खालच्या मजल्यावरून माणसं लावून तिला वळवावं लागलं. पण एकदा शत्रूची रांग फोडून आत शिरल्यावर दोन्हीकडच्या तोफा एकदम बोलू लागल्या. ब्रिटिशांची एकही नौका बुडाली नाही. नेल्सन मात्र फ्रेंच नौका 'रेडुटाब्ल'च्या डोलकाठीवरून आलेल्या गोळीने जखमी झाला आणि काही तासांत गेला.

त्याचं शव रमच्या पिंपात ठेवलं होतं असं सर्रास सांगितलं जातं. ती ब्रँडी होती.

'वासा' पहिल्याच दिवशी कशी काय बुडाली?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न, कारण यात वादळ नाही, शत्रू नाही, कुणाचा घातपात नाही. स्वीडनचा राजा दुसरा गुस्ताव अडॉल्फ याला बाल्टिक समुद्रावर दरारा हवा होता, म्हणून वासाला तोफांचे दोन मजले दिले गेले. एकूण ६४ तोफा. नौकेचा वरचा भाग त्यामुळे जड झाला, आणि तळाशी दगडांचा भार भरायला पुरेशी जागाच नव्हती. मुख्य कारागीर हेन्रिक हिबर्ट्‌सन काम चालू असतानाच, १६२७ मध्ये वारला.

निघण्यापूर्वी एक चाचणी झाली होती. ३० माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळायला सांगितलं. तिसऱ्या फेरीलाच नौका इतकी डोलू लागली, की चाचणी थांबवावी लागली, नाहीतर धक्क्यालाच उलटली असती. हे बघायला अ‍ॅडमिरल स्वतः हजर होता. तरी नौका निघाली. राजा परदेशात लढाईवर होता, तिथून 'लवकर पाठवा' म्हणून तगादा चालू होता, आणि त्याला नाही म्हणण्याची कुणाची छाती नव्हती.

१० ऑगस्ट १६२८. स्टॉकहोमचा बंदरकाठ माणसांनी फुललेला. जेमतेम १,३०० मीटर गेल्यावर वाऱ्याची एक झुळूक आली, नौका कलली, आणि उघड्या ठेवलेल्या खालच्या तोफखिडक्यांतून पाणी आत शिरलं. सुमारे ३० माणसं दगावली. चौकशी बसली. कारागीर म्हणाले मापं राजाने मंजूर केली होती, खलाशी म्हणाले आम्ही शुद्धीत होतो. शिक्षा कुणालाच झाली नाही.

पुढे नौकेवर चार मोजपट्ट्या सापडल्या. दोन स्वीडिश फुटाच्या, दोन अ‍ॅम्स्टरडॅमच्या, आणि या दोन फुटांची लांबी वेगळी. एकाच नौकेवर दोन मापांनी सुतारकाम चाललं होतं.

मग तीच वासा इतक्या सुस्थितीत कशी मिळाली?

बाल्टिकच्या पाण्यात मीठ कमी असल्यामुळे लाकूड पोखरणारा सागरी किडा तिथे जगत नाही. १९६१ मध्ये वासा अखंड वर काढली, आणि पुढची १७ वर्षं तिच्यावर पॉलिथिलीन ग्लायकॉल या रसायनाचे फवारे मारले. नुसतंच वाळू दिलं असतं तर लाकूड आक्रसून तडकलं असतं. आज ती स्टॉकहोमच्या संग्रहालयात आहे. यशस्वी झाली असती तर शे-दीडशे वर्षांत सरपणाला गेली असती आणि तिचं नावही कुणाला ठाऊक नसतं.

'मेरी रोझ'चंही असंच झालं ना?

बरंचसं. पण इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याची ही नौका आधी तीसेक वर्षं लढली होती. १९ जुलै १५४५ रोजी फ्रेंचांशी लढताना ती इंग्लंडच्या किनाऱ्यालगत बुडाली. नेमकं का, यावर अजून वाद आहेत. १९८२ मध्ये वर काढली तेव्हा साधारण अर्धीच उरली होती. जो भाग गाळात रुतला होता तेवढा टिकला.

कोरियाच्या कासव-नौका म्हणजे जगातल्या पहिल्या लोखंडी युद्धनौका, हे खरं का?

असं ठामपणे म्हणता येत नाही. अ‍ॅडमिरल यी सुन-सिनने १५९२ मध्ये जपानी आक्रमणाविरुद्ध या नौका वापरल्या. वर पाठीसारखं बंद छप्पर, त्यावर टोकदार खिळे, पुढे ड्रॅगनचं तोंड. जपानी सैनिकांचा भर शत्रूच्या नौकेवर उडी मारून तलवार चालवण्यावर असे, त्याला हा अचूक उतारा होता. यीच्या स्वतःच्या लिखाणात खिळ्यांचा उल्लेख आहे. छपरावर लोखंडी पत्रा होता का, याबद्दल इतिहासकारांचं एकमत नाही.

आणखी एक गल्लत नेहमी होते. यीचा सर्वांत थक्क करणारा विजय म्हणजे १५९७ ची म्यंगन्यांगची लढाई. त्याच्याकडे १३ नौका, समोर १३० हून अधिक. पण त्या लढाईत कासव-नौका नव्हत्याच. तिथे कामी आला तो अरुंद खाडीतला उलटसुलट प्रवाह आणि त्याची वेळ ओळखणारा सेनापती.

लाकडी युद्धनौकांचा काळ नेमका कधी संपला?

फ्रान्सची 'ग्लॉयर' १८५९ ची, लाकडी सांगाड्यावर लोखंडी पत्रे ठोकलेली. ब्रिटनने लगेच १८६० मध्ये 'वॉरियर' पाण्यात सोडली, तिचा सांगाडाही लोखंडाचा. पण तारीखच हवी असेल तर मी ८ मार्च १८६२ म्हणेन. अमेरिकेतल्या यादवी युद्धात त्या दिवशी दक्षिणेच्या 'व्हर्जिनिया' या चिलखती नौकेने हॅम्प्टन रोड्सच्या खाडीत उत्तरेच्या दोन लाकडी नौका एका दुपारीत संपवल्या. तिच्यावर आदळलेले गोळे नुसते घरंगळत होते.

त्याच रात्री उत्तरेची 'मॉनिटर' तिथे पोचली. पाण्याच्या जेमतेम वर दिसणारा सपाट तराफा, त्यावर एक गोल फिरता बुरूज, आणि बुरुजात दोन तोफा. जॉन एरिक्सनने ती साधारण शंभर दिवसांत बांधवून घेतली होती. ९ तारखेला दोघी काही तास एकमेकींना ठोकत राहिल्या आणि कुणीच कुणाला फोडू शकलं नाही.

म्हणजे जिंकलं कोण?

बरोबरी. दोघींचा शेवटही त्याच वर्षी झाला आणि तोही एकमेकींच्या हातून नाही. व्हर्जिनिया मे महिन्यात तिच्याच लोकांनी उडवून दिली, शत्रूच्या हाती पडू नये म्हणून. मॉनिटर ३१ डिसेंबरला केप हॅटेरसजवळ वादळात बुडाली, १६ जण गेले. २००२ मध्ये तिचा बुरूज वर काढला, तेव्हा त्यात दोघा खलाशांचे सांगाडे मिळाले. त्या फिरत्या बुरुजाची वंशावळ पुढच्या सगळ्या मोठ्या युद्धनौकांत दिसते.

पाणबुडीने शत्रूची नौका पहिल्यांदा कधी बुडवली?

१७ फेब्रुवारी १८६४ रोजी, त्याच यादवी युद्धात, चार्ल्सटनजवळ. 'हनली' ही दक्षिणेची आठ जणांची पाणबुडी. इंजिन नव्हतं, माणसं ओळीने बसून हाताने दांडा फिरवत आणि पंखा फिरे. पुढे लांब काठीला बांधलेला सुरुंग. त्याने उत्तरेची 'हाउसटॉनिक' बुडाली, पण हनलीही परतली नाही. त्याआधी चाचण्यांत ती दोनदा बुडून १३ जण मेले होते, आणि त्यांत ज्याच्या नावाने ती ओळखली जाते तो होरेस हनलीही होता. तरीही तिसऱ्यांदा आठ माणसं स्वतःहून आत उतरली, याचा मला अजून उलगडा होत नाही.

मुंबईत बांधलेली एखादी जुनी युद्धनौका अजून आहे का?

आहे. 'ट्रिंकोमाली', १८१७ ची, सागवानाची. नेपोलियनशी झालेल्या युद्धांत ब्रिटनचं ओक संपत आलं होतं, म्हणून हे काम मुंबईच्या गोदीकडे आलं. तिचे आराखडे घेऊन निघालेली ब्रिटिश नौका 'जावा' १८१२ च्या डिसेंबरात वाटेतच गमावली, आणि तिला गाठणारी होती वर आलेली कॉन्स्टिट्यूशनच. आराखड्यांच्या नकला पुन्हा पाठवाव्या लागल्या. ट्रिंकोमाली आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे.

'ड्रेडनॉट'मुळे बाकीच्या सगळ्या युद्धनौका एका रात्रीत जुन्या झाल्या, ही अतिशयोक्ती नाही का?

थोडी आहे, पण फार नाही. आधीच्या मोठ्या नौकांवर १२ इंची तोफा चार असत, बाकी लहानमोठ्या मापांच्या. ब्रिटनच्या ड्रेडनॉटवर १२ इंची दहा. शिवाय एवढ्या मोठ्या युद्धनौकेत वाफेचं टर्बाइन पहिल्यांदाच बसवलं होतं, त्यामुळे वेग २१ नॉट, म्हणजे ताशी २१ सागरी मैल. ऑक्टोबर १९०५ मध्ये बांधणी सुरू झाली आणि डिसेंबर १९०६ मध्ये ती नौदलात दाखल झाली. यात ब्रिटनचंही नुकसानच होतं: सर्वांत जास्त जुन्या नौका त्यांच्याकडेच होत्या, त्या सगळ्या मागे पडल्या, आणि जर्मनीशी शर्यत जवळपास नव्याने सुरू झाली.

गंमत पुढे आहे. जिच्या नावाने एक पिढी ओळखली जाते, ती ड्रेडनॉट १९१६ च्या जटलंडच्या महालढाईत नव्हतीच, दुरुस्तीला गेली होती. तिच्या खात्यावर एकच मोठी शिकार आहे. १८ मार्च १९१५ रोजी तिने 'यू-२९' ही जर्मन पाणबुडी थेट धडक देऊन बुडवली. त्या पाणबुडीचा कप्तान ओटो वेडिगेन. यानेच आदल्या सप्टेंबरात एका सकाळी तीन ब्रिटिश क्रूझर बुडवून चौदाशेहून अधिक माणसं मारली होती.

'मिकासा' आणि 'अरोरा' यांचा काय संबंध?

एकाच लढाईत दोघी समोरासमोर होत्या. मे १९०५, त्सुशिमा. मिकासा जपानच्या अ‍ॅडमिरल टोगोची ध्वजनौका, जिंकलेल्या बाजूची. अरोरा रशियन ताफ्यातली, निसटून मनिलाला पोचलेली. पुढे अरोराने १९१७ मध्ये पेत्रोग्राडला एक बार काढला, तोही रिकामा, आणि रशियन क्रांतीचं प्रतीक होऊन बसली. विजयी मिकासा मात्र १९०५ च्याच सप्टेंबरात दारूगोळ्याच्या स्फोटाने बंदरातच बुडाली. तिला वर काढलं, स्मारक केलं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्यावर चक्क नाचघर आणि मत्स्यालय थाटलं गेलं. तिच्या जीर्णोद्धाराला हातभार लावणाऱ्यांत अमेरिकेचा अ‍ॅडमिरल निमिट्झ होता, ज्याने जपानचं आरमार संपवलं तोच.

'एम्डन'ची एवढी चर्चा का होते? ती तर छोटी जर्मन क्रूझर होती.

छोटी होती, एकटी होती, आणि हिंदी महासागर तिने दोन-तीन महिने वेठीला धरला. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री तिने मद्रासच्या तेलटाक्या पेटवल्या. तीन धुराड्यांच्या या नौकेवर कप्तान फॉन म्युलरने खोटं चौथं धुराडं उभं केलं, म्हणजे लांबून ती ब्रिटिश वाटावी. या वेषात ती पेनांगच्या बंदरात शिरली आणि 'झेमचुग' ही रशियन क्रूझर बुडवली. पकडलेल्या जहाजांवरच्या माणसांना म्युलर सहसा इजा होऊ देत नसे, त्यामुळे शत्रूच्या वर्तमानपत्रांतही त्याची तारीफ छापून येई. तमिळमध्ये तर 'एम्डन' हा शब्द बिलंदर, धाडसी माणसासाठी रूढ झाला.

९ नोव्हेंबरला कोकोस बेटांवरचं तारायंत्र मोडायला तिने माणसं उतरवली. पण यंत्र मोडण्याआधी मदतीचा संदेश गेला होता. ऑस्ट्रेलियाची 'सिडनी' आली आणि एम्डन संपली. किनाऱ्यावर अडकलेल्या पन्नासेक जणांनी 'आयेशा' नावाचं जुनं शिडाचं गलबत पळवलं, अरबस्तानातून वाट काढली आणि पुढच्या मे महिन्यात ते कॉन्स्टँटिनोपलला पोचले.

'बिस्मार्क' बुडवणं इतकं अवघड का गेलं?

अवघड गेलं तिला शोधणं आणि थांबवणं. २४ मे १९४१ रोजी या जर्मन नौकेने ब्रिटिशांच्या 'हूड'च्या दारूगोळ्याच्या कोठाराचा वेध घेतला. १,४१८ जणांपैकी तिघे वाचले. मग अख्खं ब्रिटिश आरमार तिच्या मागे लागलं. तिला रोखलं ते 'आर्क रॉयल'वरून उडालेल्या स्वोर्डफिश विमानांनी. दोन पंखांची, कापडाने मढवलेली, तेव्हाच जुनाट म्हणवली जाणारी विमानं. त्यांच्या पहिल्या तुकडीने चुकून आपल्याच 'शेफील्ड'वर पाणतीर (टॉर्पेडो) सोडले. नशीब असं, की पाणतीर फोडणारे चुंबकीय चाप सदोष निघाले. त्यामुळे शेफील्ड वाचली, आणि दुसऱ्या खेपेला आदळल्यावर फुटणारे चाप लावायची अक्कल आली. त्यातल्या एका पाणतिराने बिस्मार्कचं सुकाणू अडकवलं. त्यानंतर ती गोल गोल फिरण्यापलीकडे फारसं काही करू शकत नव्हती. २७ मेच्या सकाळी ती बुडाली. २,२०० हून अधिक माणसांपैकी सुमारे ११५ वाचली.

ब्रिटिशांनी बुडवली की जर्मनांनी स्वतःच तळाशी सुरुंग लावले, हा वाद अजून चालतो. मला त्यात फारसा अर्थ दिसत नाही. तोवर तिच्या तोफा गप्प झाल्या होत्या.

सर्वांत मोठी तोफधारी युद्धनौका जपानची 'यामातो'. मग तिचा पराक्रम का ऐकू येत नाही?

कारण तो फारसा झालाच नाही. पूर्ण भरल्यावर सुमारे ७२,००० टन, ४६ सेंटिमीटर व्यासाच्या नऊ तोफा, जवळपास दीड टनाचा एकेक गोळा, मारा ४२ किलोमीटरपर्यंत. ती नौदलात दाखल झाली डिसेंबर १९४१ मध्ये, पर्ल हार्बरवर जपानच्याच विमानांनी मोठ्या नौकांचा निकाल लावल्यानंतर काही दिवसांनी. पुढे इतकी किमती नौका गमावण्याच्या भीतीने ती बराच काळ नांगरूनच राहिली आणि खलाशांत तिचं नाव पडलं 'हॉटेल यामातो'. त्या मुख्य तोफा शत्रूच्या नौकांवर एकदाच चालल्या, ऑक्टोबर १९४४ मध्ये. ७ एप्रिल १९४५ रोजी ओकिनावाकडे जवळपास आत्मघाती मोहिमेवर निघाली असताना विमानांनी दोनेक तासांत तिला बुडवलं. तीन हजारांच्या आसपास माणसं गेली.

दुसऱ्या महायुद्धात सर्वांत जास्त लढलेली अमेरिकन नौका कुठे बघता येईल?

कुठेच नाही. 'एंटरप्राइझ' या विमानवाहू नौकेला २० युद्धतारे मिळाले होते, तिच्या देशात त्या युद्धातला हा उच्चांक. १९५८ मध्ये ती भंगारात विकली. आणि १८६० ची वॉरियर, जिने आयुष्यात एकही लढाई पाहिली नाही आणि पुढची पन्नासेक वर्षं तेलाचा तरंगता धक्का म्हणून काढली, ती आज पोर्ट्समथला लखलखीत उभी आहे.

एक नौका झाडांचं बेट बनून निसटली, ही गोष्ट खरी की रचलेली?

खरी. १९४२ मध्ये जपानने जावा घेतलं तेव्हा डच सुरुंगशोधक 'अब्राहम क्रायन्सेन' तिथे अडकली होती. वेग कमी, तोफा नावाला. खलाशांनी किनाऱ्यावरची झाडं तोडून नौकेवर रचली, उघडे पत्रे खडकासारखे रंगवले. दिवसा काठाला चिकटून बेट व्हायचं आणि रात्री चालायचं. आठ दिवसांत ती ऑस्ट्रेलियाला पोचली. पुढे डेन हेल्डरच्या संग्रहालयात तिला जागा मिळाली.

आपल्याच राष्ट्राध्यक्षावर पाणतीर सोडणारी नौका कोणती?

'विल्यम डी. पोर्टर'. १४ नोव्हेंबर १९४३, सरावात खरा पाणतीर सुटला, आणि समोर 'आयोवा'वर रूझवेल्ट होते. आयोवा वळली, पाणतीर तिच्या मागे फुटला. पुढे ही विनाशिका १९४५ मध्ये ओकिनावाजवळ बुडाली, पण तिच्यावरचा एकही माणूस दगावला नाही. अपशकुनी म्हणून बदनाम झालेल्या नौकेसाठी ही नोंद वाईट नाही.

अणुशक्तीवर चालणारी पहिली नौका?

'नॉटिलस' पाणबुडी. जानेवारी १९५५ मध्ये ती पहिल्यांदा अणुशक्तीवर निघाली आणि ३ ऑगस्ट १९५८ रोजी बर्फाखालून उत्तर ध्रुवावर पोचली. त्याआधीच्या पाणबुड्या खरं तर पृष्ठभागावर चालणाऱ्या आणि गरजेपुरती बुडी मारणाऱ्या नौका होत्या. हिला हवेसाठी वर यायची गरज उरली नाही.

बुडालेल्या युद्धनौकांचं लोखंड खरंच शास्त्रज्ञांनी वापरलं?

हो. १९४५ नंतरच्या अणुस्फोटांमुळे हवेत किरणोत्सारी कण मिसळले आणि नव्या पोलादात ते उतरू लागले. सूक्ष्म किरणोत्सार मोजणाऱ्या उपकरणांना असं पोलाद चालत नसे. त्याआधीचं, पाण्याखाली साठून राहिलेलं पोलाद मिळायचं स्कॉटलंडच्या स्कापा फ्लोमध्ये. २१ जून १९१९ रोजी तिथे नजरकैदेत असलेल्या जर्मन ताफ्याने स्वतःच्या नौका बुडवल्या, ७४ पैकी ५२.

शत्रूच्या ताब्यात असूनही नौदलाच्या पटावर असलेली नौका आहे का?

एक आहे, अमेरिकेची 'प्वेब्लो'. २३ जानेवारी १९६८ रोजी ही टेहळणी नौका उत्तर कोरियाने पकडली. एक खलाशी मारला गेला, उरलेल्या ८२ जणांची सुटका अकरा महिन्यांनी झाली. नौका परत मिळाली नाही. ती प्याँगयांगमध्ये नदीकाठी संग्रहालय म्हणून उभी आहे, लोक आत शिरून बघून जातात, आणि अमेरिकी नौदलाने आपल्या पटावरून तिचं नाव अजून काढलेलं नाही.